अर्धं बोट

प्रिय शिशिर,

फोन केला असता, पण या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडे गंधारला सगळं ऐकू जातं. शिवाय तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि आपण फोन ठेवून देतो. शेजारचे मेजरसाहेब उद्या विमानाने पुण्याला आणि तिथून सांगलीला निघालेत, त्यांच्याजवळ हे पत्र देते आहे.

हाताचे टाके निघाले. उजवी तर्जनी आणि मधलं बोट गेलं ते गेलंच. मुल्लानपूरला मित्राच्या शेतावर ही पोरं चारा कापायच्या यंत्रापाशी रील करत होती. टोका म्हणतात इथे पंजाबात त्याला. गंधार पेंढी आत सरकवायची ॲक्टिंग करत होता आणि मित्राने गंमत म्हणून मोटर चालू केली. तो पोरगा रोज आमच्या दारात येऊन बसतो. "आंटी जी, एक बार मिलने दो," म्हणतो. मी त्याला चहा देते आणि मनातल्या मनात शिव्या घालते.

शेतकी इंजिनिअर व्हायला निघालेला माझा मुलगा आता खोलीबाहेर येत नाही. हात सदा उशीखाली. भरवायला गेले की तोंड फिरवतो. परवा म्हणाला, "मम्मी, अब मेरा क्या करोगे आप लोग?" अविनाश रजा काढून घरी बसलेत. त्यांनी त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. का काढली, ते आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

आणि अशा वेळी मला काय आठवावं, तर आपला हळद पॉलिश करायचा ड्रम. तुला आत बसवून मी आणि आपल्या गड्याने, नामदेवने, हँडल फिरवलं होतं. पिवळाधमक होऊन बाहेर आलास, तेव्हा आईने आधी नवरदेव म्हणून ओवाळलं आणि मग झोडपलं. एकदा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकून उतारावरून पार विहिरीच्या कठड्यापर्यंत आणलास. तरी अक्कल आली नाही. शेवटी सोयाबीनच्या मळणी यंत्रात पैजेवर हात घातलास आणि अर्धी तर्जनी देऊन आलास. आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि तू, पट्टी सुटली त्याच दिवशी, पंगतीत ते अर्धं बोट नाकपुडीला टेकवून साळसूदपणे बसलास. अख्खं बोट आत गेल्यासारखं दिसत होतं. आजोबांचा घास हातातच राहिला. आई इतकी हसली की तिला पुन्हा रडू आलं, आणि मग ती पोटभर जेवली. पुढे तुझ्या साखरपुड्यात कांचनच्या मावशीला ते बघून भोवळ आली आणि कांचनने तुला पुन्हा कधी तसं न करण्याची शपथ घातली.

तू म्हणतोस, मला बघून पोरगा आणखी खचेल, म्हणून येत नाही. अरे, त्याला बघायला येतात ते सगळे दहा बोटांचे. डॉक्टर, समुपदेशक, ऑफिसातली माणसं, सगळे दबक्या आवाजात बोलतात. मीसुद्धा. मला आता काही सुचत नाही, शिशिर, मला फार भीती वाटते. त्याने तुझा हात पाहिलाय, पण ते कधीच पाहिलेलं नाही, कारण तो जन्मण्याआधीच शपथ पडली होती. कांचनला हे पत्र वाचायला दे. म्हणावं, ताईने पदर पसरलाय, एकदाच मोडू दे. मिळेल त्या गाडीने ये. काही आणू नकोस, त्याला काही समजावूही नकोस. नुसता त्याच्यासमोर बस आणि नाकात बोट घाल.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच चारूताई