राउटर, केशोराव आणि शुद्धलेखन

९ एप्रिल २०१५, गुरुवार

माझ्या मोबाइलवर वाय-फाय चालत नाही. खूण दिसते, नेट नाही. निर्मलाच्या फोनवर चालतं, साक्षीच्याही चालतं. कारण उघड आहे. मायलेकींचे फोन हलके, त्यांना नेट कमी लागतं. माझ्या फोनवर लोड जास्त.

हे नेमकं आत्ता व्हायला नको होतं. साक्षीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलगा तिरोड्याचा, संघदीप. तिथल्या विजेच्या प्लांटमध्ये नोकरीला आहे. साक्षीला पसंत आहे, म्हणजे आईला तसं बोलली म्हणे. संघदीपचे वडील केशोराव यांच्याशी संपर्क ठेवण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं आहे. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर काही ना काही पाठवतो. संपर्क तुटला तर स्थळ हातचं जाईल.

संकल्प : उद्या दुपारपर्यंत राउटर ठीक करणे. शाळा चालवली, हा तर डबा आहे.

१० एप्रिल

राउटर बंद करून चालू केला. पुन्हा बंद करून चालू केला. दिवे हिरवे. निर्मला म्हणाली, तिची सीरियल अडकते, हात लावू नका. लावला नाही.

छोटेलालला फोन केला. कनेक्शन त्यानेच जोडलं होतं. तो हिंदीत म्हणाला की सेटिंगमध्ये जाऊन बघा, 192.168.1.1 टाका. टाकलं. माझ्या फोनवर नेट नाही, म्हणून निर्मलाचा घेतला होता. गूगलने त्या आकड्यावर पुष्कळ लेख दाखवले. वाचत गेलो. माहिती उपयुक्त होती. वाचता वाचता डोळा लागला.

११ एप्रिल

छोटेलाल म्हणतो, आकडा गूगलमध्ये टाकायचा नसतो, वरच्या पट्टीत टाकायचा असतो. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. माझ्या फोनवर वरच्या पट्टीत टाकला. मराठी कीबोर्ड सुरू राहून गेला होता, त्यामुळे १९२ असं उमटलं. आकड्यांना भाषा कळते हे आज समजलं. इंग्रजीत टाकला तरी पान उघडेना.

केशोरावांना मेसेज लिहिला. गेला नाही. त्याच्यापुढे छोटं घड्याळ दिसतं. म्हणजे योग्य वेळ झाली की जाईल. सोय चांगली आहे.

मोबाइलमध्ये नेटचा पॅक टाकता येतो, पण घरात वाय-फाय असताना पॅक टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. नुसता फोन लावता येतो, पण फोनवर माणसाचे ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत.

१३ एप्रिल

केशोराव मनाने चांगले आहेत, पण भाषेची आबाळ आहे. गेल्या महिन्यात त्यांचा मेसेज आला होता : ‘मुलगी पसंद हाय. तुमी कवा येता?’ मी लगेच उत्तर दिलं. ‘पसंद’ नव्हे, पसंत. ‘हाय’ नव्हे, आहे. ‘कवा’ नव्हे, केव्हा. ‘तुमी’ मध्ये ह आहे. बाकी मजकूर उत्तम.

त्यानंतर ते कमी लिहितात. मनन करत असावेत. वर्गातही असंच व्हायचं. लाल शाईने वही परत दिली की मुलं काही दिवस गप्प असत.

निर्मला तेव्हा म्हणाली होती, ते कधी येता विचारत होते, ते तर तुम्ही सांगितलंच नाही. बरोबर आहे. राहून गेलं.

१४ एप्रिल

जयंती. विहारात गेलो. भाषणाला नाव सुचवलं नाही कोणी. मागच्या वर्षी सुचवलं होतं, तेव्हा मुख्याध्यापक होतो. काही वाटलं नाही. बुंदी घेऊन परत आलो.

१५ एप्रिल

हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरला राउटरची वायर जोडलेली आहे. त्यावर आकडा टाकला, आणि पान उघडलं. पहिल्याच दिवशी इथे बसायला हवं होतं, पण उशिरा का होईना, पद्धत माझीच बरोबर निघाली.

पान युजरनेम आणि पासवर्ड मागतं. admin, admin. नाही म्हणालं. राउटर उलटा करून चिठ्ठीवरचा टाकला. नाही. छोटेलाल म्हणाला, “गुरुजी, घर में किसी ने बदला है. घर में पूछ लो.” मी त्याला म्हणालो, माझ्या घरात माझ्याशिवाय असं तांत्रिक काम कोणी करत नाही. त्याने ‘ठीक है’ म्हणून फोन ठेवला.

संशय शेजारच्या चुन्नीलालवर आहे. संध्याकाळी सहज म्हणून त्याच्याकडे बसलो. त्याच्याकडे बटणाचा फोन आहे. त्याने खरबूज कापून दिलं. संशय राखून ठेवला.

१६ एप्रिल

विचारावं लागलं तर निर्मलाला विचारायला कमीपणा कसला. चहाच्या वेळी विचारलं, राउटरचा पासवर्ड काय आहे. ती म्हणाली, कायले.

मी सांगितलं, ‘कायले’ असा शब्द नाही, ‘कशाला’ म्हणावं. आणि कशाला ते तुला कळायचं नाही, तू फक्त सांग. ती पुन्हा म्हणाली, कायले. मी पुन्हा दुरुस्त केलं. ती कप उचलून आत गेली.

लग्न झाल्यापासून तिची भाषा सुधारतो आहे. ‘मी येतो’ म्हणायची, मी ‘येते’ शिकवलं. बराच फरक पडला आहे. आता बोलतेच कमी.

१८ एप्रिल

पासवर्ड अंदाजाने काढायचं ठरवलं. घरातल्या बाईमाणसाने ठेवला असेल तर घरच्या कर्त्याचं नाव असणार. माझं नाव टाकलं. आडनावासह टाकलं. पुढे सर लावून टाकलं. शाळेचं नाव. आदर्श शिक्षक पुरस्काराचं वर्ष. (पुरस्कार मिळाला नव्हता, शिफारस झाली होती. शिफारशीचं वर्ष टाकलं.) कशानेच उघडलं नाही.

मागच्या छिद्रात टाचणी खुपसली की सगळं मूळपदावर येतं म्हणतात. खुपसली. छिद्र ते नव्हतं, हवा जाण्याचं होतं.

२० एप्रिल

दुपारी शाळा सुटायच्या वेळेला उठून उभा राहिलो. कशासाठी ते आठवेना. बसलो. पंखा चालू होता.

केशोरावांना लिहिलं : आज ऊन फार. तुमच्याकडे कसं? घड्याळ.

२२ एप्रिल

साक्षी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तर बंद झाली. वायर तपासायला आलो, असं म्हणालो. ती हो म्हणाली.

केशोरावांना लिहिलं : आज घरात कोणी फारसं बोललं नाही. मीही नाही. घड्याळ. या घड्याळाचा एक फायदा असा की समोरून उत्तर आलं नाही तरी वाईट वाटत नाही.

२५ एप्रिल

निर्मला आणि साक्षी बाजारात गेल्या. नवी साडी आणि पितळी दिवे घेऊन आल्या. काही कार्यक्रम आहे का, विचारलं. निर्मला म्हणाली, सांगन. ‘सांगीन’ म्हणायला हवं. म्हणालो नाही. कंटाळा आला.

केशोरावांना बरंच लिहिलं. दुरुस्ती काही नव्हती. शाळेत माझ्या टेबलाला कोणता माणूस बसत असेल, तो खिडकी उघडतो का, असं काहीबाही. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली ती कपाटात आहे, तिची घडी मोडली नाही. घड्याळ.

२८ एप्रिल, दुपार

आत गेलो. राउटरच्या आत गेलो.

कॉम्प्युटरसमोर रिकाम्या चौकटीकडे पाहत बसलो होतो. मनात आलं, हे सगळं कशाला. आणि मनात आलं ते निर्मलाच्या आवाजात आलं. तो शब्द इंग्रजी अक्षरांत किती वाईट दिसतो ते पाहावं म्हणून टाकला. kayle. पान उघडलं.

ती मला पासवर्डच सांगत होती. दोनदा सांगितला.

आत एक यादी आहे, अडवलेल्या फोनांची. यादीत एकच फोन. नाव लिहिलं आहे, Guruji. चोराला माझं नावही माहीत आहे, यावरून तो जवळचाच असावा. नाव काढून टाकलं, सेव्ह केलं. मोबाइल लगेच थरथरला. सगळी घड्याळं एकामागून एक गेली आणि बरोबरच्या खुणा आल्या. अकरा एप्रिलपासूनचं सगळं केशोरावांकडे पोचलं. थोड्या वेळाने खुणा निळ्या झाल्या.

निर्मलाला हाक मारून यश दाखवलं. ती आधी मोबाइलकडे आणि मग माझ्याकडे पाहत खाली बसली.

२८ एप्रिल, संध्याकाळ

निर्मला एवढं सलग माझ्याशी बऱ्याच वर्षांत बोलली नव्हती. बोलली तसं लिहितो, दुरुस्त न करता.

“म्याच सांगतलं साक्षीले, तुमचा फोन बंद कर म्हून. केशोरावचा फोन आला होता मले. म्हने, गुरुजीले पोरगी द्याची हाय का आमचा पेपर तपासाचा हाय? म्या हातापाया पडून स्थळ धरून ठेवलं. आन आता तुमी काय काय धाडलं तं तुमालेच ठाऊक.”

बुद्धपौर्णिमेला साक्षगंध (पुस्तकी मराठीत साखरपुडा) ठरलं आहे. तारीख निर्मलाने ठरवली. मला आदल्या दिवशी सांगणार होते.

साक्षी दारात उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर काही बोलता आलं असतं. मला मात्र आत काहीच होत नव्हतं. पाय सुन्न पडतो तसं. संकल्प कोणताही नाही.

२९ एप्रिल

केशोरावांचं उत्तर आलं. एकच शब्द. ‘वाचलो.’

इकडचा माणूस ‘मी वाचलं’ म्हणत नाही, ‘मी वाचलो’ म्हणतो. तसं असेल तर त्यांनी मेसेज वाचले. पण शुद्ध मराठीत वाचलो म्हणजे सुटलो, जिवावरचं टळलं. तसं असेल तर साक्षीचं लग्न मोडलं. आयुष्यभर मी हाच फरक फळ्यावर लिहून शिकवला, आणि आता केशोरावांचं मराठी अशुद्ध असावं म्हणून मोबाइल धरून बसलो आहे.

साक्षी जेवली नाही. मी विचारायला गेलो नाही. पुन्हा मेसेज करून विचारावं असं वाटलं. निर्मलाने मोबाइल हातातून घेतला.

३० एप्रिल

निर्मलाने तिच्या फोनवरून केशोरावांना लावला आणि मलाही ऐकू येईल असा ठेवला. ते आधी साड्यांचं बोलले, पाहुणे किती येतील ते बोलले. मग म्हणाले, “सारं वाचलो मी गुरुजीचं. संघदीपच्या मायलेबी वाचून दाखवलो. एवढा शिकलेला मानूस, अन घरात बोलाले कोनी नाही काय?”

मी निर्मलाच्या समोरच बसलो होतो. 

साक्षगंध ठरल्याप्रमाणे होणार. साक्षीने पोळी खाल्ली. मला आनंद झाला असावा.

४ मे, बुद्धपौर्णिमा

साक्षगंध झालं. पाहुणे वेळेवर आले. मी दोन शब्द बोलायचं टिपण काढून ठेवलं होतं. बोला असं कोणी म्हटलं नाही. टिपण खिशात राहिलं. संघदीप वाकून पाया पडला. साक्षी हसत होती, ती अशी हसते हे विसरलो होतो.

केशोराव येऊन माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. धानाचं बोलले, गुडघ्याचं बोलले. चुका पुष्कळ होत्या. मोजल्या नाहीत. निघताना म्हणाले, मेसेज नका करू गुरुजी, फोन करा, नाही तर सरळ तिरोड्याला या. त्यांना माझं लेखन जड गेलं असावं. हरकत नाही, बोलण्यावर तर माझं प्रभुत्व आहे. पहिल्या फोनसाठी चांगले विषय काढून ठेवीन.

६ मे, बुधवार

फोन लावला. केशोरावांनी लगेच उचलला. म्हणाले, “बोला गुरुजी, काय करून राहिले?”

“काही नाही,” मी म्हणालो.

वाक्य शुद्ध होतं. पुढचं वाक्य येईना. विषय काढून ठेवले होते, एकही तोंडात येईना. मी मोबाइल कानाला धरून उभा राहिलो. तिकडे केशोराव थांबले होते.