एका कॉम्प्रेसरची वाटणी

लिहून ठेवतो मी, बर्फाच्या कारखान्याचा मालक. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीचा मागू नये. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, कारण ते आणू शकणारे दोन्ही चिरंजीव एकमेकांवर दडपण आणण्यात गुंतले आहेत.

१. पंचक्रोशीत माझा कारखाना एकमेवाद्वितीय होता. सरकारला ही मक्तेदारी खुपली. कारखान्याचे दोन भाग करा, असा हुकूम आला. मी मधोमध भिंत घातली. इकडे थोरला, तिकडे धाकटा, पाट्या दोन. दोन्हीकडे थंडावा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र एकच राहिला. निरीक्षकांनी भिंतीवर टकटक केली नि म्हणाले, "वा! आता खरी स्पर्धा."

२. स्पर्धा सरकारला दाखवण्यापुरती होती. मुलांनी ती मनावर घेतली. थोरल्याने लादीचा भाव उतरवला, धाकट्याने त्याहून खाली नेला. गिऱ्हाइकांची चंगळ झाली, घरात चुली दोन झाल्या.
"मामंजी, त्यांच्या बर्फाला गंजाचा वास येतो," इति धाकटी सून. पाणी एकाच विहिरीचे! पुढे भाव फार पडला म्हणून सरकारने किमान दर बांधून दिला. पूर्वी महाग विकतो म्हणून नोटीस येई, आता स्वस्त विकतो म्हणून येऊ लागली.

३. सध्या एक बडी कंपनी दोघांना वेगवेगळे गाठून सांगते, "भावाने विकायच्या आत तुम्ही विका." दोघेही सहीला उतावीळ. सरकार म्हणते, बाजार खुला आहे, आम्ही मध्ये पडत नाही. दोन्ही बाजू गेल्या, की गावाला बर्फ कंपनी म्हणेल त्या भावाने. सबब मलाच मध्ये पडणे भाग आहे.

४. घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. तिथे हस्तक्षेप करून पाहिला आहे, उपयोग होत नाही. बर्फ फोडायचा टोचा मेहुण्यांना. "तरी मी सांगत होतो" म्हणून म्हणून त्यांची जीभ बोथट झाली असेल.

५. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. भिंत सामाईक, डोके आपटायला दोघांना पुरेल.

६. कॉम्प्रेसर दोघांहून थोरल्या असलेल्या माझ्या कन्येचा. त्याची देखभाल आजवर तिनेच केली, आणि वाटणीत तिलाच कोणी धरले नाही. तिच्या संमतीवाचून कोणतीही बाजू विकता येणार नाही. थंडावा दोघांना एकाच दराने मिळेल.

हे वाचून दाखवताच थोरला उसळला, "बाबा, ही ताईची मक्तेदारी झाली!"
"दादा बरोबर बोलतोय," धाकटा म्हणाला. भिंत झाल्यापासून त्याच्या तोंडून 'दादा' प्रथमच ऐकला.
कन्येने शांतपणे विचारले, "दर मी ठरवायचा ना? मग भांडणाचा आकार वेगळा लावीन."

स्थळ: कारखान्याची कचेरी. दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर उमटेल तो.

मालकाची सही.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. विनातक्रार सही.

साक्षीदार दुसऱ्या: मासळीवाली, आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. सहीआधी त्यांनी विचारले, "मालक, उद्यापासून भाव काय?"
"ते बाजार ठरवील, बाई."
"बाजार म्हणजे मीच ना? मग आधी भाव लिहा, सही नंतर करते."