भिंतीवर टांगलेले शिंपी

वन्संना वहिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे, साखर आणि राग कसे आहेत? (अक्षर नातीचं, बोलणं माझं. मध्येच ती सुस्कारे टाकते, ते गाळायला सांगितलंय.) मी बरी आहे, म्हणजे जेवते.

तुमचे भाऊ गेल्याची बातमी पेपरात पाहिली असेलच. आला नाहीत ते फोटो ओळखू आला नाही म्हणून, की माझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण ओळखू आला नसेल तर डोळे तपासून घेऊ नका. फोटो त्यांचा नव्हताच. कॅमेरा दिसला की ते जन्मभर पाठ फिरवायचे. घरात त्यांच्या पाठीचे पाच फोटो आहेत, तोंडाचा एकही नाही. मग थोरल्याने नेटवरून तसाच एक म्हातारा शोधला. टक्कल तेच, मिशी तीच, कान जरा मोठे. (मेलेल्या माणसाचे कान कोण मोजतंय, म्हणाला.) मीही मान डोलावली. पेपरात तोच छापला, मोठा करून भिंतीवरही तोच लावला.

पंधरा दिवसांनी ते 'मयत' पेपर घेऊन स्वतः दारात उभे! शिंपी आहेत. फोटो त्यांनी दुकानाच्या जाहिरातीसाठी काढलेला. बातमी वाचून गिऱ्हाइकं अर्धवट शिवलेले कपडे परत घेऊन गेली, आणि परगावच्या त्यांच्या बहिणीने जे अंथरूण धरलं ते अजून सोडलेलं नाही. थोरला म्हणाला, नेटवर उघडाच तर होता. "दुकानाबाहेर कोटही उघडाच टांगलेला असतो," शिंपी म्हणाले, "तो घालून चालू पडता का? निदान विचारायचं तरी." पंधरा दिवस मी त्यांच्या फोटोशी तासतासभर बोलले होते, ते समोर आल्यावर चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाले.

फोटो उतरवला, पेपरात माफीही छापली. पण वन्सं, आता डोळे मिटले की शिंपीच येतात. पन्नास वर्षं सोबत राहिलेला माणूस पंधरा दिवसांत पुसला गेला, आणि पुसायला मीच बोळा दिला.

बाकी सगळं ठीक.

तुमची (तुम्हाला नको असलेली) वहिनी

ता. क. तुमच्या लग्नातला एक फोटो तुमच्या सुनेने नेटवर टाकलाय. त्यात हे तुमच्या शेजारी उभे आहेत, चक्क समोर बघत. थोरला म्हणाला, एक बोट दाबलं की आपला. मी त्याच्या हातावर चापट मारली. फोटो तुमचा आहे. घेऊ का?

आणखी एक. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नका, इथे येऊन, समोर बसून म्हणा. हनुवटी तुम्हा भावंडांची एकच आहे. तुम्ही खुशाल भांडा, मी तेवढी बघत बसेन.