एकतिसावा रकाना

डिलाईल रोड,
८ मार्च १९५९

प्रिय दौलतदादा,

माझं अक्षर बघून पत्र न उघडताच फाडशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शेजारच्या चंपाकडून लिहून घेतला आहे. आता फसलाच आहेस तर पुरतं वाच.

छप्पन्नच्या मोर्चात तू पकडला गेलास, पोलीस चाळीत आले आणि आबांनी तुला घराचं दार बंद केलं. तरी सणावाराला सोलापूरहून येऊन बाहेर गॅलरीत का होईना, उभा राहायचास. मी चहा आणून द्यायचे. वर्ष झालं, तेही थांबलं. तू परत यावास एवढंच मला हवं आहे.

माझं ऑफिस तुला ठाऊक आहे, गिरणी कामगारांच्या नोंदी ठेवणारं. बिल्ला नंबर, खातं, जन्मसाल, वारस, सगळं आम्ही पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून उतरवतो. ऐंशी उभे रकाने, अक्षर एकही नाही. कुठल्या रकान्याचा अर्थ काय, ते वेगळ्या तक्त्यावर लिहिलेलं असतं. तक्ता हाताशी नसेल तर कार्ड म्हणजे नुसती चाळण.

गेल्या आठवड्यात जुनी कार्डं नव्या पद्धतीत उतरवायला घेतली. आमच्या मुख्य सरोजिनीबाईंनी कपाटातून जुना तक्ता काढला आणि अठ्ठावन्नच्या आधीची कार्डं यानंच वाचायची, असं बजावलं. नव्या तक्त्यात पाळीसाठी एक रकाना मध्येच घातला आहे, त्यामुळे पुढचं सगळं एका घरानं सरकलंय. वारस पूर्वी एकतिसाव्या रकान्यात असायचा, आता बत्तिसाव्यात असतो.

तिसऱ्या दिवशी आबांचं कार्ड हाती आलं. सत्तावन्न सालचं, म्हणजे तू गेल्यावर वर्षानं भरलेलं. एकेक भोक तक्त्याशी लावत गेले. बिल्ला नंबर, साचेखातं, जन्मसाल. दादा, त्या भोकांतून आपले आबा समोर येत होते आणि मी बघतच राहिले! मग एकतिसावा रकाना. भोक दोनावर. एक म्हणजे बायको, दोन मुलगा, तीन मुलगी, शून्य म्हणजे कोणी नाही. आई गेलेली, मी रोज डोळ्यांसमोर, आणि घरात तुझं नावही न काढणाऱ्या माणसानं कारकुनासमोर मुलगा म्हणून सांगितलं. दोन वर्षं ते तिथंच होतं, कोणाला दिसत नव्हतं.

आता खरं सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, कामावर नवी असताना, हुशारी करायला हेच कार्ड मी चोरून पाहिलं होतं. नव्या तक्त्यानं. वारस समजून शेजारच्या रकान्यातलं शून्य वाचलं आणि तुला लिहून मोकळी झाले, की आबांनी तुझं नाव सरकारदरबारीही पुसलं. ती चूक माझी होती रे, आबांनी तुला कधीच पुसलं नव्हतं. त्यांना त्या पत्राचं अजून ठाऊक नाही. आपण हाकललं म्हणूनच तू येत नाहीस, असं धरून बसलेत. परवा मला विचारत होते, सोलापूरच्या गाडीला किती तास लागतात. दम्यानं त्यांना आता जिनाही उतरवत नाही. तूच ये.

तुझीच अपराधी बहीण,
कालिंदी