आज काहीच मोडलं नाही

आदरणीय व्याही साहेब यांना,

वयाने मोठे म्हणून एक नमस्कार, हुद्द्याने मोठे होतात म्हणून दुसरा, आणि मी मुलीचा बाप म्हणून तिसरा. विहीणबाईंना वेगळा नमस्कार आहे, तो कृपा करून तुमच्या तिनांतून वजा करू नये. तुमच्या नव्या गुडघ्याची तब्येत कशी आहे? आता जिने चढता असं जावयांकडून कळलं. (जावई तुमच्याबद्दल सगळं सांगतात, न विचारता.) विहीणबाईंचा रक्तदाब, गच्चीवरच्या कुंड्या, शेजाऱ्याशी चाललेला पाण्याच्या टाकीचा वाद, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी खुर्चीत बसून, डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवून हे पत्र लिहितोय. पाय प्लास्टरमध्ये आहे. त्याला कारण तुम्ही आहात, पण ते ओघाने येईल. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. पत्राला मध्येच ‘ते राहू द्या हो’ म्हणता येत नाही, एवढी एक सोय आहे.

आपल्या दोघांच्या नातीला, म्हणजे भिंगरीला, दहाव्या वाढदिवसाला तुम्ही जी भेट पाठवलीत तिच्यापासून सुरुवात करतो. खोक्यावर धूळ उडवत हवेत झेपावलेल्या रिमोटच्या गाडीचं चित्र होतं. मातीत, खडीत, कुठेही पळणारी गाडी. खोक्यात मात्र गाडी नव्हती. पिशव्या होत्या, पिशव्यांत स्क्रू होते, पिशव्यांवर अक्षरं होती, आणि एक जाडजूड पुस्तिका होती जिच्यात शब्द कमी आणि बाण जास्त. पोरीने रडायची तयारी केली होती. तुमचे चिरंजीव म्हणाले, बाबांनी पाठवलंय म्हणजे विचार करूनच पाठवलं असणार, आणि ऑफिसला गेले. माझी लेक म्हणाली, आबांकडे बारीक पक्कड आहे. अशा रीतीने ते खोकं दोन गल्ल्या ओलांडून माझ्या मागच्या खोलीत आलं, जिथे मी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतोय. (आपल्या पहिल्या भेटीत तुम्ही ‘दातांचे डॉक्टर का?’ असं विचारलं होतंत, आणि डॉक्टर फक्त माप घेतात, दात मी करतो, असं मी सांगितल्यावर ‘अच्छा’ म्हणाला होतात. तो अच्छा मी अजून जपून ठेवलाय.)

मग रविवार सुरू झाले. ती केस न विंचरताच यायची, मी टेबलावरच्या कवळ्या फळीवर सरकवायचो आणि आम्ही एकेक पिशवी फोडायचो. मागच्या चाकांमधली गिअरची डबी ग्रीस भरून बंद केली तेव्हा एक वॉशर टेबलावर उरला होता; डबी पुन्हा उघडली. शॉकअपमध्ये तेल भरलं की दांडा हळूहळू वरखाली करत हवेचे बुडबुडे वर यायची वाट पाहावी लागते. भिंगरीला कशाचीच वाट पाहवत नाही हे तुम्हाला माहीत आहे (हा तुमच्या घराण्याचा गुण), पण त्या बुडबुड्यांची तिने गालावर हात ठेवून वाट पाहिली. एक शॉकअप कलंडला, तेल फरशीवर गेलं, त्यावरून सौ. पडता पडता वाचली, आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीला आमच्या घरात ‘तो कारखाना’ म्हणतात. गाडीचं कवच पारदर्शक असतं आणि रंग आतून द्यायचा असतो, म्हणजे जो रंग आधी द्याल तोच बाहेरून दिसतो. पुस्तिकेतल्या बाणांवरून हे मला कळलं नाही, तिला कळलं. पिवळ्यावर जांभळे ठिपके ठरले. किटमध्ये एक ड्रायव्हरही होता, कमरेपर्यंतच, हेल्मेटातून तोंड उघडून हसणारा. याला दातच नाहीत, असं तिने मला दाखवून दिलं. आयुष्यात मी अनेकांना दात केले, पण त्या नखाएवढ्या तोंडात भिंग लावून जी ओळ बसवली तसं काम माझ्या हातून पुन्हा होणार नाही. सबंध ओळ, सुळ्यांसकट.

गाडी पळाली. आमच्या मैदानात, टाकीमागे, जिथे खडी पडलेली असते. आणि मोडली. पहिल्याच दिवशी पुढचा डावा हात गेला. (हात म्हणजे चाक धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी. तुम्हाला माहीत आहे, मी सौ.साठी लिहितोय, ती खांद्यावरून वाचते.) पुढच्या रविवारी मोठ्या गिअरचे दात पडले, म्हणजे काम अगदी माझ्या धंद्यातलंच. मग स्टिअरिंग गेलं, मग चाकांमधली बुशिंगं माती खाऊन झिजली. आठवडाभरात काही ना काही मोडायचंच, आणि रविवारी भिंगरी दारात उभी, एका हातात गाडी, दुसऱ्या हातात तुटलेला तुकडा. नवा भाग मिळेपर्यंत मी कवळीच्या अॅक्रिलिकने सांधून द्यायचो. ते हिरडीच्या रंगाचं, गुलाबी असतं, त्यामुळे गाडीला जागोजाग हिरड्या आल्या. दुरुस्तीला असा कितीसा वेळ लागणार? उरलेला सगळा वेळ ती बडबडायची. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, आई रागावली की आधी कपाटं का आवरते, बाबांचं आणि आईचं कशावरून वाजलं. (त्यात तुमचंही नाव आलं होतं. जाऊ द्या.) कवळीचंही असंच असतं. पहिल्या दिवशी ती कुणालाच नीट बसत नाही. माणूस परत येतो, इथे टोचतं म्हणतो, मी घासून देतो, तो टेकतो, घरचं सांगतो. पहिल्याच दिवशी कवळी चपखल बसली असं एकच गिऱ्हाईक मला आजवर मिळालं. ते रस्त्यात दिसतं, सगळे दात दाखवून हसतं आणि पुढे जातं.

इथे तुम्ही आलात. शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर पोरीने तुम्हाला गुलाबी ठिगळं दाखवली आणि तुमच्यातला निवृत्त कार्यकारी अभियंता खडबडून जागा झाला. तुम्ही आयुष्यभर पूल बांधलेत, मोडलेलं काही तुम्हाला बघवत नाही, हे मी समजू शकतो. पण पूल मोडला तर माणसं मरतात आणि गाडीचा हात मोडला तर माझी नात माझ्याकडे येते, हा फरक तुमच्या लक्षात आला नाही. पार्सलं सुरू झाली. आधी अॅल्युमिनियमचे हात, सोबत तुमच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी, की मूळ भाग दुय्यम दर्जाचे होते. मग बेअरिंगं, मग पोलादी गिअर, मग ती कार्बनचे ब्रश नसलेली, न झिजणारी मोटर, मग स्क्रू सुटू नयेत म्हणून लावायचं निळं औषध. शेवटी नवं कवच, हल्लीच्या पद्धतीचं, पुढे झुकलेलं, ज्यात ड्रायव्हरला जागाच ठेवत नाहीत. ड्रायव्हर दातांसकट घरी बसला. आणि हे सगळं बसवलं कुणी? मीच. तुम्ही पडद्यावरून सूचना द्यायचात आणि मी ‘हो साहेब’ म्हणत माझंच काम माझ्याच हातांनी उपसून काढायचो. भिंगरी टाळ्या वाजवायची. त्याच सुमारास तिने आपली बारशी केली, तुम्ही पूलआबा आणि मी दातआबा. तुम्हाला ते आवडलं असणार, आवडण्यासारखंच आहे.

निळं औषध लावल्यानंतरच्या रविवारी मी टेबल आवरून बसलो. ती आली नाही. जेवणाच्या सुमाराला फोन आला.

‘‘दातआबा, आज काहीच मोडलं नाही.’’

खुशीत होती. मी छान म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढच्या रविवारी फोनही आला नाही, कारण मोडलं नाही हे दर वेळी काय सांगायचं. मला वाईट वाटलं, साहेब. साधं, सरळ वाईट वाटलं, आणि राग आला तो तुमचा. सौ. म्हणाली, नुसतं ये म्हणा की तिला, गाडी कशाला हवी? म्हटलं. आली. सोफ्याच्या टोकावर बसली, पाय हलवत राहिली, आता काय करू या म्हणाली, आणि मला एक गोष्ट सुचेल तर शपथ. समोर टेबल आणि टेबलावर काहीतरी मोडकं असल्याशिवाय मला माणसाशी बोलता येत नाही, हे या वयात कळलं. मग ती मैदानात गेली. मी तिला खिडकीतून बघत बसलो.

तेव्हा मी गाडी सर्व्हिसिंगसाठी म्हणून ठेवून घेतली (हा शब्द तुमच्याच चिठ्ठीतला) आणि दुसऱ्या दिवशी मोडायला घेऊन गेलो. आडपडदा न ठेवता सांगतो, मोडायलाच. मैदानात एक निवृत्त पोस्टमास्तर बाकावर पेपर वाचत होते, बाकी शुकशुकाट. मी गाडी फुटपाथच्या कडेवर घातली. कडेचा टवका उडाला. खडीच्या ढिगावरून उडवली. ती चारही चाकांवर अलगद उतरली. टाकीच्या भिंतीवर नाकाने आपटली. भिंतीचा पोपडा पडला आणि गाडी पुढच्या हुकमाची वाट बघत उभी. पोस्टमास्तरांनी पेपर खाली ठेवला. शेवटी मी ती लांब नेली, तोंड माझ्याकडे वळवलं आणि शेजारच्या लोखंडी खांबावर पूर्ण वेगात सोडली. रिमोटची गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. हे भिंगरीच्या बोटांना ठाऊक आहे, माझ्या नाही. खांब माझ्या डाव्या अंगाला होता, मी डावीकडे वळवलं, आणि गाडी खांब सोडून तुमच्या अॅल्युमिनियमच्या हातांसकट माझ्या घोट्यावर आली. त्या दिवशी मैदानात मोडलं ते एवढंच. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

भिंगरी त्याच संध्याकाळी आली. आधी तिने गाडी उलटीपालटी करून पाहिली, मग मला. पण तेव्हापासून ती रोज येते. शाळा सुटली की दप्तरासकट इकडेच. पायाखालची उशी सारखी करते, बोटांना चिमटा काढून कळतंय का विचारते, आणि मग जी सुटते ती दिवे लागेपर्यंत. तिच्या बाबांना ऑफिसात कुणीतरी त्रास देतंय, हे तुम्हाला माहीत होतं? मला माहीत आहे. तेव्हा माझं म्हणणं इतकंच, की यापुढे पार्सल पाठवू नये. जे बसवलंत ते राहू द्या, काढायला गेलो तर तुमचं निळं औषध सोडणार नाही. पण आता पुरे.

बाकी क्षेम. आमच्यावर लोभ आहे तेवढाच राहू द्यावा, वाढवण्याची घाई नाही.

आपला,
मुलीकडचा व्याही

ता. क. खरा मुद्दा लिहायचा राहिलाच. गेल्या शनिवारी तुम्ही तिला सांगितलंत, की एवढासा तडा महिनाभरात जुळतो. तुम्हाला कुणी विचारलं होतं? काँक्रीट कधी पक्कं होतं ते तुम्हाला कळतं, मान्य आहे. पण तुमचा शब्द तिला प्रमाण, आणि ती आता कॅलेंडरकडे बघायला लागलीय. तेव्हा येत्या शनिवारी तिला एवढंच सांगा, की या वयात हाड फार सावकाश जुळतं. पावसाळ्यापर्यंत म्हणा. माझ्यासाठी एवढं करा. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

ता. क. दुसरा. सौ.ने वरचं वाचलं आणि म्हणाली, लिहिताच आहात तर पूर्ण लिहा. डॉक्टरांनी प्लास्टर आज सकाळीच काढलं. हाड उत्तम जुळलंय. पण कवळ्यांचे साचे करायचं प्लास्टर माझ्याकडे पोतंभर असतं. औषधांच्या दुकानातून जाळीची पट्टी आणली आणि शाळा सुटायच्या आत नवं घातलं. आता पायावर आहे ते माझं काम आहे, डॉक्टरांपेक्षा गुळगुळीत. ते वाळेपर्यंत हलायचं नव्हतं, म्हणून तर पत्र एवढं लांबलं. ते एक वाक्य सोडलं तर सौ. माझ्याशी दुपारपासून बोलत नाही.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भिंगरी आली, म्हणून हे. जुन्या प्लास्टरवर ती रोज स्केचपेनाने मुंग्या काढायची, बोटांपासून निघालेली रांग गुडघ्यापाशी पोचली होती. नवं पांढरंफटक. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती पायाकडे बघत राहिली, मी खिडकीकडे. मग तिने दप्तरातून पेन काढलं, जमिनीवर मांडी घातली आणि अंगठ्यापाशी पहिली मुंगी काढायला घेतली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, ‘‘पूलआबांना सांगायचं नाही हं.’’ मी नाही सांगणार म्हटलं. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी, आणि शनिवारी तिने पायाबद्दल काही सांगितलं तर तुम्हाला ते पहिल्यांदाच कळतंय असं वागावं. सांगेलसं वाटत नाही.