खिळ्यावरची भाकरी

४ फेब्रुवारी, पाटस
पोराचं, सचिनचं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, आचारी दुपारी भांडी घेऊन गेला. स्वयंपाकघरात खिळ्याला सचिनची भाकरी तशीच आहे. सूनबाईनं, मंजिरीनं बघितली, मीही.

६ फेब्रु.
भाकरीचं लिहून ठेवतो. सचिन शिकवायचा त्या समरकंदकडची, उझबेकिस्तानातली रीत. लांब निघालेल्यानं रोटीचा एक घास खायचा, उरलेली घरच्यांनी भिंतीला टांगायची, परत येऊन त्यानंच संपवायची. दिवाळीची सुट्टी संपवून जाताना सचिननं मंजिरीच्या हातची भाकरी चावली, तिनं सुतळीनं टांगली. तो म्हणाला, "आबा, उंदरांना सांगून ठेवा."
तिकडंच हृदय बंद पडलं म्हणतात. चौतीस वय.

९ फेब्रु.
शेजारचे आप्पा चहाला. "योग शिकवाया इतक्या लांब धाडला सरकारनं? हितं काय कुनाची पाठ दुखत न्हाई व्हय?"
सचिन सांगायचा तेच सांगितलं. गॅस त्यांच्याकडं, योग आपल्याकडं. मोठी माणसं आत बोलणी करतात, हा बाहेर स्टेजवर शीर्षासन करतो. आप्पा हसले. मग चहा तसाच ठेवून गेले.

१५ फेब्रु.
दिल्लीहून, सचिनला धाडलेल्या सरकारी ऑफिसातून मंजिरीला फोन. सचिनच्या जागेवर याल का? तिचाही योगाचा कोर्स झालाय, दौंडला शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये गॅसच्या बोलणीसाठी आपली मंडळी तिकडं जाणार, त्याआधी वर्ग सुरू हवेत. साहेब अदबीनं बोलले. "आपके परिवार ने वहाँ बहुत सद्भावना कमाई है।"
कमाई. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली, हा शब्द असा ऐकला नव्हता.
उत्तर २५ तारखेपर्यंत.

१८ फेब्रु.
शिरूरहून व्याही आले. "एक गेला तिकडं, आता हिला न्हाई धाडायची. तुम्ही सांगा आबा, तुमचं ऐकंल ती."
मंजिरी आतून, "मला कुणी विचारलंय का?"
ते गेल्यावर तिनं विचारलं, "आबा, तुमचं काय?" सांगतो म्हटलं. नको म्हणायचं होतं. ती गेली की घरात मी एकटा. पण हे कारण तिला कसं

२१ फेब्रु.
सचिनच्या वर्गातल्या बायकांचा व्हिडिओ आला. एक आजी मोडक्या हिंदीत बोलली. दिवाळीला इकडं निघताना तिच्याकडंही रोटी चावली होती त्यानं. परत गेल्यावर सगळी संपवली.
म्हणजे तिथली संपवली. इथली राहिली.
मंजिरीनं व्हिडिओ तीनदा लावला.

२४ फेब्रु.
उद्या उत्तर द्यायचं. मंजिरी सकाळीच शाळेला गेली. टोपलीत दोन भाकरी झाकलेल्या. वरच्या भाकरीचा एक घास चावलेला. घाईत खाल्ला असेल. किंवा
आमटी गरम केली, खालची भाकरी खाल्ली. वरची झाकून ठेवली.
जुनी भाकरी काढवेना. माळ्यावरून हातोडी काढली आणि तिच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला.