पुरीला नको

देवळी, सोमवार, १२ एप्रिल १९५४

समुद्र कुठला पाहायचा, हा घोळ आजही मिटला नव्हता. यांची मे महिन्यातली रजा मंजूर झाली आहे. घरात अजून कोणीच समुद्र पाहिलेला नाही. हे जुहू म्हणतात, मी पुरी म्हणत होते. लाटा पाहता येतील आणि जगन्नाथाचं दर्शनही होईल. सासूबाई खूश होतील असं वाटलं, तर भरीत खाता खाता म्हणाल्या, "पुरीले मी येत नाई."

काऊन, म्हटलं.

"तीर्थाले गेलं का आवडीचं काही सोडा लागते. मले वांगं आवडते."

मला हसूच आलं. मग सोडा वांगं, त्यात काय एवढं?

"तुह्या सासऱ्यामांगं कुंकू सोडलं, बांगड्या सोडल्या, रंगीत लुगडं सोडलं. आता हे वांगंच राह्यलं." आणि ताटातलं उरलेलं भरीत भाकरीनं पुसून घेतलं.

मी तरी काय सोडलं असतं? चहा? छे, जमलं नसतं.

हे आल्यावर सांगितलं, जुहूच. तिथं नुसती वाळू आणि पाणी, मागणारं कोणी नाही. गाडीत दशम्यांबरोबर वांग्याची सुकी भाजी न्यायची.